सुट्टी कारखान्याची, खाडा कामगाराचा

एकाच लाइनवर शेजारी शेजारी उभ्या राहणाऱ्या दोन कामगारांच्या दिवाळीच्या महिन्यातल्या पगारपावत्या समोरासमोर ठेवा. पहिला फरक रुपयांच्या रकान्यात दिसत नाही, दिवसांच्या रकान्यात दिसतो. कायम कामगाराच्या पावतीत महिन्याचे सगळे दिवस कुठे ना कुठे बसवलेले असतात: इतके हजेरीचे, इतके साप्ताहिक सुट्टीचे, इतके सणाच्या पगारी सुट्टीचे, उरलेले रजेचे. कंत्राटी कामगाराच्या पावतीत एकच आकडा असतो. वीस. कारखाना सहा दिवस बंद होता, दोघेही ते सहा दिवस घरी होते. एकाला ती सुट्टी मिळाली, दुसऱ्याचा खाडा लागला.

खाडा हा शब्द आपल्याकडे घरोघरी ओळखीचा आहे. दूधवाल्याचा खाडा, मोलकरणीचा खाडा, गिरणीतला खाडा. ज्या दिवशी यायचं ठरलं होतं त्या दिवशी न येणं, म्हणजे खाडा. येणाऱ्याने येणं टाळलं किंवा त्याला जमलं नाही, हे त्या शब्दातच गृहीत आहे. पण कामगार यायला तयार आहे आणि फाटक कारखान्यानेच बंद ठेवलं आहे, अशा दिवसाचा खाडा कुणाच्या नावावर लिहायचा? आज महाराष्ट्रातल्या बहुतेक औद्योगिक वसाहतींत तो कंत्राटी कामगाराच्या नावावर लिहिला जातो. असं का होतं, कायदा त्याबद्दल काय म्हणतो आणि याहून न्यायाची रीत आपल्याच राज्यात कशी घडली, हे समजून घेण्यासारखं आहे.

कारखाना बंद का ठेवतात?

सणाला कारखाना बंद ठेवणं हा मालकाचा लहरीपणा नसतो, त्यामागे पक्की कारणं असतात. पिंपरी, भोसरी, चाकणच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. पण एका दिवसात मोठी दुरुस्ती होत नाही. पेंट शॉपच्या टाक्या रिकाम्या करून घासायच्या, कन्व्हेयरची साखळी उतरवायची, प्रेसचे डाय तपासायचे, बॉयलर थंड करून तपासनिसाला आत पाहू द्यायचं, यासाठी सलग चार-सहा दिवस लागतात. दिवाळीला निम्मे कामगार गावी जाणारच असतात. अपुऱ्या माणसांवर लाइन ओढण्यापेक्षा सगळं एकदम बंद ठेवून दुरुस्ती उरकणं परवडतं.

वाहन उद्योगात दुसरा काळ डिसेंबरअखेरचा. डिसेंबरात तयार झालेली गाडी जानेवारीत ‘गेल्या वर्षीची’ ठरते आणि तिची किंमत घसरते. म्हणून वर्ष संपताना उत्पादन आवरतं घेतलं जातं आणि त्याच दिवसांत दुरुस्ती, मालमोजणी होते. मोठी कंपनी थांबली की तिला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांचीही यंत्रं थांबतात, कारण मालाचा साठा करून ठेवायला त्यांच्याकडे ना जागा असते ना भांडवल. मंदीच्या काळात याच बंदला वेगळी नावं मिळतात. २०१९ मध्ये गाड्यांची विक्री घसरली तेव्हा ‘ब्लॉक क्लोजर’ आणि ‘नो प्रॉडक्शन डे’ हे शब्द कामगार वस्त्यांत रोजचे झाले होते.

या सगळ्या कारणांत एक गोष्ट समान आहे. बंद ठेवायचं की नाही, कधी आणि किती दिवस, हे कारखाना ठरवतो. त्यातून होणारा फायदाही कारखान्याचाच असतो: दुरुस्त यंत्रं, आटोक्यातला साठा, वाचलेली वीज. हा निर्णय उत्पादनाचा आहे. दिवाळीतच तो घेतला जातो म्हणून त्याला सुट्टीचं रूप येतं, इतकंच.

आणि त्या बंद दारांच्या आत काही माणसं कामावर असतातच. टाक्या घासणारे, भट्टीचं अस्तर बदलणारे, रंगकाम करणारे, पहारा देणारे. तीही बहुतेक कंत्राटीच. एका ठेकेदाराच्या माणसांना दिवाळीत काम नाही म्हणून पगार नाही, दुसऱ्याच्या माणसांना पगार आहे म्हणून दिवाळी नाही.

सहा दिवसांचा हिशेब

कंत्राटी कामगाराचा पगार महिन्याचा म्हणून सांगितला जातो, पण मोजला जातो रोजाने. महिन्याच्या रकमेला २६ ने भागायचं आणि हजेरीच्या दिवसांनी गुणायचं. समजायला सोपं म्हणून १५,६०० रुपये पगार धरू. रोज झाला ६०० रुपये. सहा दिवस बंद म्हणजे ३,६०० रुपये गेले आणि उरले १२,०००. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये, ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा) ०.७५ टक्क्याचे ९० रुपये आणि पुरुष कामगार असेल तर व्यवसाय कराचे २०० रुपये वजा जाता हातात येतात १०,२७० रुपये. चाकणच्या खोलीचं भाडं, मेसचे पैसे, मोटरसायकलचा हप्ता आणि गावी पाठवायची रक्कम यांपैकी काहीही सहा दिवसांनी कमी होत नाही.

ही कपात लगेच दिसत नाही, त्यामुळे ती जास्त जाचते. दिवाळीआधी बोनस हातात येतो. १९६५ च्या बोनस कायद्याने किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या कमाईचा बारावा हिस्सा ठरवला, आणि पात्र कंत्राटी कामगारालाही तो लागू आहे. त्या पैशांतून कपडे, फराळ, गावी जायचं तिकीट होतं. बंद दिवसांची कपात येते त्यानंतरच्या पगारात, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा सणाचे पैसे संपलेले असतात. मिळालेल्या बोनसमधले ३,६०० रुपये असे मागच्या दाराने परत जातात.

याहून कमी दिसणारं नुकसान कागदावर होतं. भविष्य निर्वाह निधीच्या मासिक विवरणपत्रात ‘एनसीपी’ दिवसांचा एक रकाना असतो, म्हणजे ज्या दिवसांसाठी वर्गणी भरलेली नाही असे दिवस. बंदचे बिनपगारी दिवस तिथे जाऊन बसतात. ईएसआयमधून आजारपणाचा भत्ता मिळवायचा तर सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी असावी लागते. दिवाळी आणि डिसेंबर एकाच सहामाहीत येतात. त्याच काळात कामगार आधीच आजारी पडला असेल, किंवा ठेकेदाराने मध्ये ‘ब्रेक’ दिला असेल, तर हे थोडे दिवसही आकड्यात कमी पडू शकतात.

आणि ब्रेकची भीती वेगळीच. बंदनंतर कायम कामगार ठरलेल्या तारखेला हजर होतो. कंत्राटी कामगार मात्र गेटपासची मुदत वाढवून मिळेल की नाही, याची वाट पाहतो. काहींना ‘सांगतो तेव्हा या’ एवढाच निरोप येतो. वर्षानुवर्षं बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरतं म्हणून राबवून कायमपणाचे हक्क डावलणं ही अनुचित कामगार प्रथा आहे, असं महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने स्पष्ट सांगितलेलं आहे. सुट्टी आणि ब्रेक यांची सीमा पुसली की हा हक्क मागायलाही धागा उरत नाही.

सुट्टी मिळाली, सुट्टीचा रोज नाही

सुट्टीची मागणी आपल्याकडे फार जुनी. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली, सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. महिनोन्‌महिने एकही दिवस विसावा नसलेल्या माणसांसाठी ती केवढी मोठी गोष्ट होती, हे आज रविवारी उशिरा उठताना आपल्याला जाणवत नाही. पण सुट्टी मिळणं आणि सुट्टीचा पगार मिळणं या दोन वेगळ्या लढाया आहेत. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ५२ व्या कलमाने आठवड्याची सुट्टी सक्तीची केली, पण त्या दिवसाचा रोज द्यावाच असं ते कलम म्हणत नव्हतं.

त्याच कायद्याचं ७९ वं कलम मात्र कंत्राटी कामगाराने पाठ करून ठेवावं असं होतं. वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा. २४० दिवसांची १२ दिवस रजा झाली. आणि ‘कामगार’ म्हणजे कोण, हे सांगताना तो कायदा थेट नेमलेल्यांबरोबर ठेकेदारामार्फत आलेल्यांनाही त्यात घेत असे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतल्या सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीच्या संहितेने २४० दिवसांची अट १८० वर आणली, म्हणजे रजा मिळायला आता वर्षात १८० दिवसांचं काम पुरेसं आहे.

याचा साधा अर्थ असा: जो कंत्राटी कामगार वर्षभर नियमित येतो, त्याच्याकडे दिवाळीच्या सहा दिवसांना पुरून उरेल एवढी पगारी रजा कायद्याने साठलेली असते. बंदचे दिवस त्या रजेतून देता येतात. तरीही त्याच्या पावतीवर वीसच दिवस दिसतात. याचं कारण बहुतेक वेळा कायद्यातली पळवाट नसतं. रजेचं खातंच ठेवलेलं नसतं, किंवा अधूनमधून ठेकेदाराचं नाव बदलून कामगाराची मोजणी पुन्हा एकपासून सुरू केलेली असते.

आणखी एक अट कमी लोकांना माहीत असते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या १९७१ च्या केंद्रीय नियमांत ठेकेदाराच्या परवान्याच्या अटी दिल्या होत्या. कंत्राटी कामगार मूळ कंपनीच्या कामगारासारखंच काम करत असेल, तर त्याचे वेतनदर, कामाचे तास आणि सुट्ट्याही सारख्याच असाव्यात, असं त्यांत म्हटलं होतं. ‘सुट्ट्या’ हा शब्द तिथे वेगळा लिहिलेला होता. ज्यांनी तो नियम केला, त्यांनी एकाच लाइनवरच्या त्या दोन पगारपावत्या डोळ्यांसमोर आणल्या असाव्यात, असं वाटावं इतका तो नेमका आहे.

मग ‘ले-ऑफ’चं काय? १९५३ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती होऊन ही तरतूद आली. कोळसा, वीज, कच्चा माल यांची टंचाई, साठून राहिलेला माल, यंत्राचा बिघाड अशा कारणाने मालक काम देऊ शकला नाही, तर कामगाराला मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम द्यायची. काम नसलं तरी कामगार जगला पाहिजे आणि ती जबाबदारी काही अंशी मालकाची आहे, हे तत्त्व त्या निम्म्या पगाराने मान्य केलं. पण त्याच कलमाने बदली आणि नैमित्तिक कामगारांना दाराबाहेर ठेवलं. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही तो अपवाद तसाच राहिला आहे. शिवाय आधीपासून ठरवून केलेली सणाची दुरुस्ती ही ‘ले-ऑफ’च्या व्याख्येत सहज बसत नाही. ज्याची नोकरी सगळ्यांत कच्ची, त्याच्यापर्यंत हे छत्र पोचलंच नाही.

बिलात असते, पावतीत नसते

ठेकेदार हा खलनायक आहे असं समजून हा प्रश्न सुटत नाही. लहान ठेकेदाराला कंपनीकडून पैसे महिना-दोन महिन्यांनी मिळतात आणि पगार मात्र वेळेवर करायचा असतो. कंत्राट ‘मनुष्यदिना’च्या दराने असेल, तर बंदच्या दिवसांचं बिलच होत नाही. बिल नाही तर पगार कुठून देणार, असं तो विचारतो. त्याच्या बाजूने पाहिलं तर ते चूक नाही.

पण कंत्राटाचा दर कसा बांधतात, ते पाहिलं की उत्तर सापडतं. बहुतेक दरपत्रकांत एकाखाली एक ओळी असतात: मूळ वेतन, महागाई भत्ता, भविष्य निर्वाह निधीचा मालकाचा वाटा, ईएसआयचे ३.२५ टक्के, बोनसचे ८.३३ टक्के, ‘लीव्ह विथ वेजेस’ आणि शेवटी ठेकेदाराचं सेवाशुल्क. रजेच्या ओळीचं गणित सोपं आहे. वीस दिवसांना एक दिवस म्हणजे पाच टक्के. जिथे ही ओळ आहे, तिथे कामगार ज्या ज्या दिवशी यंत्रावर उभा राहतो, त्या प्रत्येक दिवशी त्याच्या सुट्टीचे पाच टक्के कंपनी ठेकेदाराला देतच असते. दिवाळीचे सहा दिवस वर्षभर थोडे थोडे करून भरलेले असतात.

म्हणून कामगाराने, त्याच्या संघटनेने आणि मूळ कंपनीच्या मनुष्यबळ विभागानेही विचारायचा प्रश्न एकच आहे: बिलात रजेची ओळ आहे का? असेल तर ती पगारपावतीत कुठे उतरली? नसेल तर का नाही? कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराने पगार न दिल्यास तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर टाकली होती, नव्या संहितेनेही ती कायम ठेवली. ‘तो आमचा कामगार नाही’ हे वाक्य पगाराच्या बाबतीत कायद्यात टिकत नाही.

हा प्रश्न मोजक्या लोकांचा राहिलेलाही नाही. केंद्र सरकारच्या वार्षिक औद्योगिक पाहणीनुसार या शतकाच्या सुरुवातीला नोंदणीकृत कारखान्यांत पाच कामगारांमागे साधारण एक कंत्राटी होता, आता पाचांत दोन आहेत.

तुळजापूरचा आदेश

मार्च २०२० मध्ये सगळा देशच बंद झाला तेव्हा हाच प्रश्न मोठ्या आकारात समोर आला. तुळजापूरच्या तुळजाभवानी मंदिरात ठेकेदारामार्फत काम करणारे सुरक्षारक्षक आणि सफाई कामगार होते. मंदिराचे दरवाजे बंद झाले आणि त्यांना पूर्ण पगार मिळेनासा झाला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेलं. हे कामगार काम करायला तयार होते, पण परिस्थितीमुळे त्यांना काम देता आलं नाही, हे न्यायालयाने लक्षात घेतलं. अशा असाधारण परिस्थितीत ‘काम नाही तर दाम नाही’ हे तत्त्व लावता येणार नाही, असं प्रथमदर्शनी मत नोंदवून मे २०२० मधल्या अंतरिम आदेशात न्यायालयाने बंदच्या महिन्यांचा पगार देण्यास सांगितलं. जेवण आणि प्रवासाचे भत्ते तेवढे वगळले.

महासाथ आणि दिवाळीचा बंद यांत फरक आहेच. पण या आदेशातला विचार ध्यानात ठेवावा असा आहे. कामगार काम करायला तयार होता की नाही, हा पहिला प्रश्न. दार कुणी आणि कशामुळे बंद केलं, हा दुसरा. ‘काम नाही तर दाम नाही’ हा नियम पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असतं तेव्हाचा आहे. दोन्ही प्रश्न न विचारताच तो सरसकट लावणं म्हणजे खाडा आणि सुट्टी यांतला भेदच पुसून टाकणं.

महासाथीचा विषाणू कुणी बोलावला नव्हता, तरी न्यायालयाने पगाराचा विचार केला. दिवाळीचा बंद तर सहा महिने आधी कॅलेंडरवर लिहिता येतो.

हिंजवडीचा नाताळ

हा प्रश्न ग्रीस लागलेल्या हातांपुरता नाही. हिंजवडीत किंवा खराडीत ठेकेदार कंपनीमार्फत अमेरिकी ग्राहकाच्या प्रकल्पावर बसलेल्या संगणक अभियंत्याचा पगारही अनेकदा ‘बिलिंग’च्या दिवसांना बांधलेला असतो. लक्ष्मीपूजनाला अमेरिकेत कचेऱ्या उघड्या असतात, म्हणून तो कामावर असतो. नाताळ ते नववर्ष ग्राहक बंद ठेवतो, तेव्हा याला काम नसतं आणि बिल होत नसेल तर पगारही नसतो. स्वतःचा सण कामात जातो आणि दुसऱ्याच्या सणाला बिनपगारी घरी बसावं लागतं. त्याच्या हाती असलेला कायदा म्हणजे महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत त्याने वर्षाला आठ सणाच्या पगारी सुट्ट्या आणि आठ दिवस नैमित्तिक रजा दिली आहे.

प्रत्यक्ष अमेरिकेत नाताळचा हा बिनपगारी आठवडा तासावर काम करणाऱ्या कंत्राटी लोकांना फार परिचयाचा आहे. तिथल्या संघीय कायद्याने खासगी मालकावर पगारी सुट्टीची सक्तीच नाही. पण एच-१बी व्हिसावर गेलेल्या, आणि त्यांत मराठी घरांतून गेलेल्यांची संख्या काही थोडी नाही, अशा अभियंत्यांसाठी त्याच देशाने वेगळा नियम केला आहे. मालकाकडे काम नाही म्हणून अभियंता बसून असेल, तर मालकाने ठरलेला पगार द्यायलाच हवा. अभियंत्याने स्वतःच्या कारणासाठी रजा मागितली असेल तरच पगार थांबवता येतो. ‘बेंच’वर बिनपगारी बसवण्याला तिथे मनाई आहे. खाडा कुणाचा, हा प्रश्न त्या नियमाने नेमका विचारला आणि त्याचं उत्तरही दिलं. परदेशी माणसाला स्वस्तात राबवून स्थानिकांची मजुरी पाडली जाऊ नये, हा त्यामागचा हेतू होता.

त्याच देशात २२ डिसेंबर २०१८ ते २५ जानेवारी २०१९ असे ३५ दिवस सरकारी कामकाज अंशतः बंद पडलं. सुमारे आठ लाख सरकारी कर्मचाऱ्यांचा पगार अडकला, पण थकलेला पगार नंतर नक्की मिळेल याची हमी कायद्याने दिली. सरकारी इमारती झाडणारे, पहारा देणारे, उपाहारगृहांत राबणारे कंत्राटी कामगार मात्र त्या कायद्यात नव्हते. एकाच इमारतीत, एकाच कारणाने घरी बसलेल्यांत पुन्हा दोन रांगा पडल्या.

आपल्याकडे ही वाट आधीच निघाली होती

‘रोजावरच्या माणसाला सुट्टीचा पगार देणं व्यवहारात जमणार नाही,’ असं म्हणणाऱ्यांनी मुंबईची गोदी आणि मशीद बंदर आठवावं.

गोदीतलं काम बोटीवर अवलंबून. बोट लागली तर काम, नाहीतर नाही. १९४८ च्या गोदी कामगार कायद्याखाली मुंबई बंदरात मंडळ आणि योजना आल्या, कामगारांची नोंद झाली. राखीव कामगाराला महिन्याकाठी किमान काही दिवसांच्या मजुरीची हमी मिळाली. हजर राहूनही काम मिळालं नाही, तर त्याला एक ठरावीक रक्कम द्यायची तरतूद झाली. तिचं नाव होतं ‘डिसअपॉइंटमेंट मनी’, म्हणजे निराशेचा मोबदला. आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवू नये, एवढं साधं तत्त्व कायद्याच्या भाषेत उतरलं होतं.

माथाडींची गोष्ट याहून पुढची. एका दिवसात चार व्यापाऱ्यांच्या गोण्या उचलणाऱ्या हमालाचा मालक कोण? कुणीच नाही, असंच उत्तर पूर्वी मिळत असे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यानंतर १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. नोंदणीकृत व्यापारी मजुरीबरोबर तिच्या ठरावीक टक्के ‘लेव्ही’ मंडळाकडे भरतो. मंडळ त्या लेव्हीतून पगारी रजा, बोनस, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी यांची तजवीज करतं. मालक रोज बदलला, तरी कामगाराची रजा साठत राहते, कारण ती एका मालकाच्या वहीत नसून मंडळाच्या खात्यात असते. १९८१ मध्ये हीच रीत खासगी सुरक्षारक्षकांसाठी लावली गेली.

जगात इतरत्रही विचार याच दिशेने गेला. ब्रिटनमध्ये वर्षाला ५.६ आठवडे पगारी रजा कायद्याने आहे. अनियमित तासांवर काम करणाऱ्यांची रजा केलेल्या तासांच्या १२.०७ टक्के धरतात. वर्षाच्या ५२ आठवड्यांतून ५.६ वजा केले की ४६.४ उरतात, आणि ५.६ ला ४६.४ ने भागलं की हा आकडा येतो. ऑस्ट्रेलियात नैमित्तिक कामगाराला पगारी रजा नसते, पण तिच्या बदल्यात साधारणपणे २५ टक्के जास्त दर मिळतो. या दोन्हींपेक्षा माथाडी मंडळाची रीत मला अधिक शहाणपणाची वाटते. वाढीव दर रोजच्या खर्चात विरघळून जातो, सणाला हाताशी राहत नाही. मंडळातली रजा सुट्टीच्या दिवशी सुट्टीचा पगार बनून येते.

हीच रीत औद्योगिक वसाहतींना लावणं अवघड नाही. प्रत्येक वसाहतीत कंत्राटी कामगारांच्या रजेचं एक सामाईक खातं असावं. बिलातले पाच टक्के त्यात जमा व्हावेत. ठेकेदार बदलला तरी कामगाराच्या नावावरचे दिवस तसेच राहावेत. भविष्य निर्वाह निधीचा सार्वत्रिक खाते क्रमांक ठेकेदार बदलला तरी कायम राहतो, मग रजेची शिल्लक का राहू नये?

तोपर्यंत कंपन्यांना करता येण्यासारखी कामं पुष्कळ आहेत. बंदच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीला कंत्राटी कामगारांनाही कळवाव्यात. बंदचे दिवस साठलेल्या रजेतून भरावेत, किंवा कायद्यात बसेल तसं आधी-नंतरच्या जादा कामाने भरून काढावेत. कंत्राटाचा दर ठरवताना बंदच्या दिवसांचा खर्च लपवू नये. कामगारानेही हजेरी कार्ड आणि पगारपावत्या जपून ठेवाव्यात, स्वतःचे दिवस स्वतः मोजावेत. आकडा १८० च्या पुढे गेला की रजेबद्दल लेखी विचारावं. उत्तर मिळालं नाही, तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयाची पायरी चढावी, शक्यतो एकट्याने नव्हे, आठ-दहा जणांनी मिळून.

लोखंड्यांच्या काळात गिरणी कामगाराने रविवार मागितला तेव्हा उत्पादनाचं काय, ही चिंता होती. उत्पादन थांबलं नाही, माणसाला मात्र आठवड्यातून एक दिवस माणसासारखा मिळाला. आजचा कंत्राटी कामगार सुट्टीसुद्धा मागत नाही. सुट्टी त्याला न मागता मिळते आहे. त्याचं म्हणणं एवढंच आहे की, यंत्राला विश्रांती द्यायचं ज्याने ठरवलं, त्याने त्या दिवसांची किंमत माझ्या चुलीतून घेऊ नये. हजेरीपुस्तकात त्या सहा दिवसांपुढे काहीतरी लिहावंच लागतं. तिथे खाड्याची खूण न करता रजेची नोंद करायला शाई तेवढीच लागते.